पहिल्याच दिवशी वर्षाचा पगार

“साहेब, तुमच्या बँकेत तरी पहिल्याच दिवशी वर्षाचा पगार देतात का?”

ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या संचालकांनी माझ्या टेबलावर एक पासबुक उघडून ठेवलं आणि ते ऐटीत मागे रेलले. पासबुक त्यांच्या एका नोकरीला लागलेल्या विद्यार्थ्याचं. नोंद एकच: दीड लाख जमा, एकरकमी.

मी तेव्हा आष्टीच्या शाखेत कर्ज अधिकारी होतो. मॅनेजरसाहेब नुकतेच नागपूरहून बदलून आलेले. मार्च संपायला तीन आठवडे, आणि शैक्षणिक कर्जाचं टार्गेट अर्धंही नाही. पासबुक पाहून त्यांचा चेहरा असा उजळला, की नारायणगडावर दर्शनाच्या रांगेत शेवटच्या पायरीवर पोचलेल्या माणसाचाही उजळत नसेल.

कोर्सचं नाव भारदस्त होतं: डिप्लोमा इन हेवी ट्रान्सपोर्ट अँड लॉजिस्टिक्स. मुदत एक वर्ष, फी दोन लाख चाळीस हजार. साध्या भाषेत, मोठी गाडी चालवायला शिकणं. फीमध्ये टाय समाविष्ट.

कर्ज हवं होतं अश्विनीला. तेवीस वर्षांची. दोन वर्षं भावाचा पिकअप घेऊन डेअरीला दूध पोचवत होती. बस चालवायची, हे तिनं पक्कं ठरवलेलं. अंगणवाडीत मदतनीस असलेली तिची आई सहकर्जदार म्हणून सही करायला शेजारी बसली होती. सहकर्जदार म्हणजे मुलीचा हप्ता चुकला की बँक जिच्या दारात जाते ती व्यक्ती.

मी हिशेब मांडला. शिकत असेपर्यंत हप्ता नाही. याला आम्ही मोरॅटोरियम म्हणतो. हप्त्याला सुट्टी असते, व्याज मात्र रविवारीसुद्धा कामावर असतं. त्यानंतर पाच वर्षं, महिन्याला साधारण पावणेसहा हजार. वर्षाला दीड लाख म्हणजे महिना साडेबारा हजार. जवळपास निम्मा पगार बँकेचा, उरलेल्यात अश्विनी.

“बसते ना मग!” मॅनेजर म्हणाले.

मीही फाइलवर पेन्सिलीनं ‘शिफारस’ लिहून टाकलं. तीस वर्षांच्या अनुभवाचा माणसाला असा उपयोग होतो.

पण माझी एक खोड होती. जुन्या विद्यार्थ्याला फोन केल्याशिवाय मी पेनानं लिहीत नसे.

“फोन कशाला? मी बसलोय ना,” संचालक म्हणाले.

त्यांच्याच माहितीपत्रकावर यशस्वी विद्यार्थ्यांचे फोटो आणि नंबर छापलेले होते. पासबुकवाला दिंद्रुडचा निघाला. मी फोन लावला, स्पीकर चालू केला. मागून ट्रॅक्टरची धडधड येत होती.

“पगार किती तारखेला होतो तुमचा?”

“कसला पगार?”

“दीड लाख जमा झालेत की.”

“ते व्हय! ती उचल हाय, साहेब. दसऱ्याच्या आधी घेतली. आता ऊस वाहून फेडाय लागलोय.”

“ट्रॅक्टर कुणाचा?”

“आमच्या सरांचाच.”

सरांना अचानक आमच्या पंख्यात फार रस वाटू लागला.

मॅनेजरांना उचल माहीत नव्हती, म्हणून सांगितलं. उसाचा हंगाम सुरू होण्याआधी मुकादम किंवा गाडीमालक कामगाराला एकरकमी पैसे देतो आणि कामगार हंगामभर राबून ते फेडतो. पगार काम केल्यावर मिळतो. उचल कामाआधी मिळते, आणि मग काम संपत नाही. म्हणजे आमच्या कर्जातून फी, फीतून उचल, उचलीतून सरांच्या ट्रॅक्टरला टाय घातलेला ड्रायव्हर! मी मनातल्या मनात उभं राहून टाळ्या वाजवल्या.

अश्विनीनं सरांकडं वळून विचारलं, “सर, उचल घ्यायला डिप्लोमा कावून लागतो? माझ्या मामानं अंगठ्यावर घेतलीया.”

सरांना एक महत्त्वाची मीटिंग आठवली. पासबुक उचलून ते गेले.

आईनं पेनाला टोपण लावलं. “चल गं.”

अश्विनी हलली नाही. “म्हंजी आता मी मोठी गाडी चालवायचीच न्हाई का?”

“तुझं हलक्या गाडीचं लायसन किती जुनं?” मी विचारलं.

“दोन वर्सं झाली.”

“मग झालं, एका वर्षाचं असलं तरी पुरतं. बीडला साध्या मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जा. महिनाभर शिक, टेस्ट दे. आईच्या भिशीत भागेल. टाय मात्र मिळणार नाही.”

“टाय काय डेअरीला दावायचाय?”

मी ‘शिफारस’ खोडरबरानं पुसलं. टार्गेट हुकलं. मॅनेजरसाहेब दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. देश मात्र चालू राहिला.

अश्विनी दुसऱ्या खेपेला टेस्ट पास झाली. पुढच्या वर्षी आरडी खातं उघडायला आली तेव्हा शाळेची बस शाखेसमोर उभी होती. पगार तेरा हजार, आणि डोक्यावर कुणाचं काही नाही.

“किती तारखेला होतो?”

“सातला. मागच्या महिन्यात नऊला झाला,” ती फणकारली. “लई बोलले मी त्यान्ला.”

तेव्हापासून कोर्सची जाहिरात घेऊन कर्ज मागायला येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो. पॅकेज किती लाखांचं, ते विचारू नका. पगाराची तारीख विचारा. उत्तरात सणाचं नाव आलं, तर पेनाला टोपण लावा.