त्याच्या हातची जोडणी

निवृत्तीनंतर सानपाड्याच्या घरात गॅलरीत मी एक छोटं वर्कबेंच थाटलं. जुने वायरलेस सेट दुरुस्त करतो. त्यासाठी स्पेक्ट्रम ॲनालायझर हवा होता, म्हणजे रेडिओ सिग्नल किती जोराचा आहे ते पडद्यावर दाखवणारं यंत्र. नवा परवडत नाही. तुर्भ्याला एक जण बंद पडलेल्या कंपन्यांची यंत्रं विकतो. तिथे जाताना कोपरखैरण्याच्या माझ्या मित्राला बरोबर घेतलं. आम्ही दोघं एकाच कारखान्याच्या लॅबमध्ये होतो.

"काका, एकदम चालू पीस. स्क्रीन बघा ना, टीव्हीसारखी," दुकानदार म्हणाला.

"टीव्हीच बघायचा असता तर घरी नसतो बसलो?" मित्र म्हणाला.

यंत्राची पारख स्क्रीनवरून होत नाही. ते स्वतःच एक ठरावीक सिग्नल देतं. तो आखूड केबलने त्याच्याच इनपुटला द्यायचा, म्हणजे पडद्यावरची रेघ ठरल्या उंचीला पोचली पाहिजे. मित्राने खिशातून केबल काढली आणि माझ्या हातात दिली.

"तू लाव."

लॅबमधला ॲनालायझर जळाला तेव्हापासून तो स्वतः जोडणी करत नाही.

मी लावली. रेघ बरीच खाली राहिली.

"इनपुट गेलंय. कोणीतरी ट्रान्समीटर थेट लावलाय," तो म्हणाला. "माझ्यासारखा येडा."

लॅबमध्येही तेच झालं होतं. ट्रान्समीटर लावताना मध्ये सिग्नल दाबणारा ॲटेन्यूएटर लागतोच, नाहीतर इनपुट जळतं. त्या दिवशी सकाळी यंत्रावर मित्र होता, जेवणानंतर मी. ॲटेन्यूएटर मी दुसऱ्या कामासाठी काढला, परत लावायला विसरलो आणि ट्रान्समीटरचं बटण दाबलं. रेघ खाली बसली, तसा मी यंत्र बंद करून जागेवर गेलो. साहेबांनी विचारलं तेव्हा तोच म्हणाला, "सकाळी माझ्याकडूनच राहिलं असेल." मी गप्प बसलो. त्याची स्टोअरला बदली झाली. आमच्या जुन्या मंडळींत तो किस्सा अजून त्याच्या नावावर हसत सांगतात, म्हणून हे लिहितोय.

"तू नव्हतं जाळलंस. मी जाळलं," मी तिथे दुकानातच म्हणालो.

त्याने विचारलं, "मी ॲटेन्यूएटर लावला होता?"

"लावला होतास. मीच काढला."

"नक्की?"

"नक्की."

तो स्टुलावर बसला. दुकानदाराने घाबरून पाणी आणलं. ते पिऊन तो म्हणाला, "घरातला बल्ब बायको बदलते. मला माझाच भरवसा नाही म्हणून." आणि ग्लास परत देत, "हरामखोर आहेस."

"आहे."

"दुसरा पीस दाखव रे," तो दुकानदाराला म्हणाला.

दुसरं यंत्र सुरू झालं. मी सवयीने केबल उचलली.

"ठेव ती खाली."

त्याने स्वतः लावली. कनेक्टरचे आटे बसेनात. दुकानदार पुढे झाला, त्याला मी मागे ओढलं. शेवटी आटे बसले आणि रेघ सरळ ठरल्या जागी जाऊन उभी राहिली.

"घे हा," तो म्हणाला. "घरी जोडणी मी करणार. तू चहा टाक."