पिन न लावलेल्या यंत्राचा निळा उजेड

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. पंख्यावर आहे. म्हणून तर घोटाळा झाला!

तुमसरला एका शाळेत दातांचं शिबिर होतं. बायकोची, सुनंदाची दाढ दुखत होती, तिला गाडीवर घेऊन गेलो. पंख्याखाली एक खुर्ची रिकामी दिसली, ऐटीत बसलो. ती खुर्ची निघाली तपासणीची... आणि माझ्या गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा!

"आधी थुंकून या," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. चूळ भरून आलो तर, "बसा आता. तुमच्यासारख्यांसाठीच हे यंत्र आणलंय."

त्याचा निळा उजेड तोंडात टाकून काचेतून पाहायचं — निरोगी भाग हिरवट चमकतो, बिघडलेला काळा दिसतो. मी आ केला. उजेड पडला. मॅडमनी काचेतून पाहिलं. मग सुनंदाला दाखवलं. उजव्या गालात लाखोरी डाळीच्या दाण्याएवढा काळा डाग!

तेवढ्यात मदतनीस वायर हातात घेऊन आला. "मॅडम, पिन तर लावलीच नाही अजून..."

यंत्रात बॅटरी नव्हती. पिन लावून पुन्हा पाहिलं — सगळं हिरवं. डाग गायब. मॅडमनी बोट फिरवलं, हाताला काही लागेना.

मी उठलोच. "चाल वं, धानाच्या बांधीसारखा हिरवागार हावो मी!"

सुनंदानं खांदा दाबून खाली बसवलं. "हलू नका. मॅडम, तेवढा तुकडा काढून तपासा."

"ताई, यंत्र बंद होतं हो..."

"मंग आपल्या दोघींले दिसलं कसं?"

सुनंदा हटेना. शेवटी भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेऊन तिनं तुकडा काढायला लावलाच. स्वतःची दाढ तशीच ठणकत ठेवून!

रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण पेशी त्या वाटेला लागल्या होत्या... नेमक्या त्याच जागी. वेळेवर सापडलं म्हणून छोट्याशा ऑपरेशनवर भागलं. खर्रा तेव्हापासून बंद. हात अजून खिशाकडे जातो, बडीशेप घेऊन परत येतो. पण सोडला म्हणजे सोडला.

बंद यंत्रातून उजेड कुठून आला, आणि चालू यंत्राला डाग का दिसला नाही — मॅडमना आजही सांगता येत नाही. मला तर नाहीच. रिपोर्ट घेऊन गाडीवर परतताना सुनंदाला विचारलं, "कसं झालं असंल वं हे?"

मागून आवाज आला, "थे जाऊ द्या. मशीननं एकडाव सांगतलं, त ऐकलं तुम्ही. मी लग्नापासून सांगून राहिली खर्रा सोडा म्हून, तवा कायले नाही ऐकलं?"