कोपऱ्यातल्या शेकोटीचं तोंड

तीस वर्षं लोकांची कुलपं दुरुस्त करून कुलूपकाकांचं एक मत पक्कं झालं होतं: घराची चौकशी करणाऱ्याच्या मनात काहीतरी काळंबेरं असतंच. काकूंच्या गुडघ्यांना थंडी सोसेना, म्हणून बैठकीच्या कोपऱ्यात विटांची शेकोटी बांधायचं ठरलं, आणि काका डोळ्यांत तेल घालून गवंड्यावर पहारा देऊ लागले. तो धुरांड्यात डोकावला की त्याच्यामागून हेही डोकावायचे.

तिसऱ्या दिवशी गवंड्याने सहज विचारलं, "काका, संध्याकाळी तुम्ही दोघं कुठे बसता?"

काकांनी कान टवकारले. या मेल्याला कशाला हव्यात नसत्या पंचायती? दोघं बसायचे खिडकीखालच्या दिवाणावर, पण काकांनी बेरकीपणाने दाराजवळच्या चपलांच्या कपाटाकडे बोट केलं. "तिथे."

"चपलांपाशी? दोघंही?"

"दोघंही. रोज."

गवंड्याने मान डोलावली आणि शेकोटीचं तोंड आखायला त्या दिशेने दोरी ताणली.

पहिला जाळ झकास पेटला. दिवाणावर मात्र काकू शालीत कुडकुडत होत्या आणि सगळी ऊब चपला खात होत्या.

"बघ! तोंड वाकडं बांधून गेला लबाड! मी म्हणत नव्हतो?"

"जाताना तो मला विचारत होता, तुम्हाला दोघांनाही रोज चपलांपाशी बसायला आवडतं का म्हणून. तेव्हा मला काही उमगलं नाही." काकू उठल्या, दोन स्टुलं उचलून कपाटाशी मांडली आणि एकावर ऐसपैस बसल्या. "या आता. दोघंही. रोज."