मोगऱ्याचा बंद डबा

सालेकशाच्या देवळात उन्हाळाभर देवीला मोगऱ्याचा हार घालायचा मान बावीस वर्षांपासून कुंताबाईंचा. एक नेम त्यांनी कधी मोडला नाही: देवीचं फूल आधी आपल्या नाकाला लावायचं नाही. पण या वर्षी पुजारी उदारामजींनी डबा उघडला आणि तोंड फिरवलं.

"तिसऱ्यांदा होऊन राहिलं हे, कुंताबाई. संडासासारखा वास येते. उद्याही आला, तं हार दुसरी बाई आणीन."

घरी येईस्तोवर कुंताबाईंच्या डोळ्यांपुढे एकच भिंत. पलीकडे शेजारच्या धुरपताबाईंच्या संडासाचा शोषखड्डा, अलीकडे मोगरा. हाराचा मान धुरपताबाईंनाही हवा होता. परवा त्यांनी विचारलं होतं, "झाडाले पाणी घालून देऊ का?" कायले विचारलं असेल?

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्या मोगऱ्याशी ठाण मांडून बसल्या. गोंदियाला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करणारी प्रेरणा सुट्टीत घरी आली होती. आईचं सगळं ऐकून लेक हसलीच.

"माय, वास मोगऱ्यातच आहे. इंडोल म्हणतात त्याले. सहा कोनांचं एक कडं, त्याले चिकटून पाच कोनांचं दुसरं, त्यात एक नायट्रोजनचा अणू. हवेत चिमूटभर असलं तं सुगंध, कोंडून दाट झालं तं घाण. संडासातही तेच असते."

"देवीच्या फुलात? तोंड धुवून ये आधी!"

"पयले तू हार टोपलीत नेत होती. आपल्या टिकेशदादानं घट्ट झाकणाचा डबा आणला, तवापासूनच ना हे?"

कुंताबाईंनी लेकीकडे संशयानं पाहिलं. "धुरपतानं चहा पाजला काय वं तुले?"

"मंग वास घेऊन पाय."

ओंजळभर फुलं त्यांनी वेगळी काढली. "हे तुये नाहीत, माये," देवीला सांगितलं आणि ती डब्यात कोंडून उन्हात ठेवली. तासाभरानं झाकण उघडलं, नि पदर नाकाला गेला. प्रेरणानं तीच फुलं सुपात पसरली. हार गुंफून होईस्तोवर सुपातून निव्वळ मोगरा दरवळू लागला.

हार उघड्या टोपलीतून गेला. उदारामजी जपूनच वाकले. कुंताबाईंची नजर त्यांच्या नाकपुड्यांवर.

"आज बरा आहे. उद्याही आणा."

परतल्या तेव्हा धुरपताबाई भिंतीशी उभ्या. "काऊन वं कुंता, आज टोपली?"

कुंताबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "झाडाले पाणी घालतो म्हणत होती ना? ये, घाल."

आणि धुरपता बादली कुठल्या नळावर भरते, ते बघत उभ्या राहिल्या.