पुठ्ठेकाकांची अर्धी बातमी

सासऱ्यांच्या शब्दकोशावर कॉफी मी सांडली. आधीच कबूल करून टाकतो, कारण आमच्या घरी अजून 'मांजरानं सांडली' हीच अधिकृत हकिकत आहे.

शब्दकोश बाइंडिंगला दिला होता. जुनी शिवण उसवून त्याचे फॉर्मे, म्हणजे दुमडलेल्या पानांचे जुडगे, टेबलावर पसरलेले होते. "वा, काय नीट काम!" म्हणत मी हात उडवला तो थेट पुठ्ठेकाकांच्या कपावर. 'म'पासून पुढची बरीचशी भाषा तपकिरी झाली.

पुठ्ठेकाका म्हणजे बाइंडिंगवाले. ते रागावले नाहीत. पानांमध्ये टिपकागद सारत म्हणाले, "परवा या. आणि येताना हात खिशात घालून या."

त्यांचं दुकान म्हणजे एक लांबट खोली. एका टोकाला कागद कापायचं यंत्र, दुसऱ्या टोकाला फॉर्मे शिवत बसलेल्या काकू आणि मध्ये काका. चष्मा कायम कपाळावर, कारण डोळ्यांचं काम ते बोटांनीच उरकतात. कागद कुठल्या बाजूनं मुकाट दुमडेल आणि कुठे हट्ट करेल हे त्यांच्या बोटांना कळतं. ही विद्या वडिलांची. वडिलांना मधुमेह होता. आधी पाय बधिर झाले, मग बोटं. शेवटी शेवटी सुरी लागल्याचं त्यांना कागद लाल झाल्यावर कळायचं. काका हे हसत सांगतात, पण सांगून झालं की हळूच अंगठा बोटांवरून फिरवून बघतात. गेल्या वर्षी त्यांचीही साखर काठावर आली होती.

म्हणूनच ते कॉफी पीत. दिवसाला सात कप, औषध घ्यावं तशी.

ठरल्या दिवशी गेलो तर काका दोन पानं हातात धरून बसलेले.

"कॉफीनं डाग पडतो," ते म्हणाले, "पानं चिकटत नाहीत. ही तर खळ लावल्यासारखी बसलीत."

"बसतील नाही तर काय!" काकूंनी दातांनी दोरा तोडला. "कपाला तीन चमचे साखर! बोलायला गेलं की म्हणे, तुला काय कळतं, पेपरात आलंय."

"आलंयच मुळी!" काकांनी कपाटाचं दार उघडलं. आत कात्रण डकवलेलं. कॉफी पिणाऱ्यांमध्ये मधुमेहाचं प्रमाण कमी आढळल्याची बातमी. शेवटची ओळ 'मात्र' या शब्दाशी संपत होती.

"मात्र काय?" मी विचारलं.

"पुढचं गेलं."

खळ लावताना टेबल खराब होऊ नये म्हणून काका रद्दी पेपर पसरतात, आणि त्यांचं सगळं वाचन त्यावरच होतं. ही बातमी आवडली म्हणून त्यांनी ती यंत्राखाली धरून छान काटकोनात कापली. बातमी बिचारी काटकोनात संपत नव्हती. उरलेली खळीत भिजून केरात गेली.

"लोकांची पुस्तकं जन्मभर धड करून दिलीत," काकू म्हणाल्या, "आणि स्वतः अर्ध्या बातमीवर वर्षभर कॉफी ढोसलीत!"

संध्याकाळी आम्ही तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी 'मात्र'च्या पुढचं तोंडीच सांगितलं. पाहणीत आढळलं म्हणजे ते कॉफीमुळेच झालं असं सिद्ध होत नाही. कॉफी हवी तर प्या, पण रोज एकवीस चमचे साखर पोटात ढकलून वर कॉफीनं तुम्हाला वाचवावं म्हणजे काय! रक्त तपासलं, तर साखर काठ ओलांडायच्या बेतात होती.

काकांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

"बोटं राहतील ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

"आजपासून ऐकलंत तर अजून वेळ आहे."

काकांनी ऐकलं. साखरेचा डबा काकूंनी कुलपात ठेवला, पण किल्ली काकांनी कधी मागितली नाही. कप तीनवर आले आणि दुकान बंद झालं की दोघं चालायला जाऊ लागले. तीन महिन्यांनी साखर काठापासून चांगली मागे सरकली. काकूंनी तपासणीचा तो कागद मला दोनदा वाचायला लावला. काका डोळे मिटून एका जाड कागदावरून बोटं फिरवत होते. समोर काळी कॉफी वाफाळत होती.

मला भरून आलं, आणि तसं झालं की मी हमखास काहीतरी बोलतो. "काका, जाणकार म्हणतात, साखर सुटली की कॉफीची खरी चव कळायला लागते. तुम्हाला कळली का?"

"कळली. घाण आहे."