मी तुला विचारलं का?

वसुधामावशींची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये, त्यांच्या घरी. माझ्या धाकट्या भावाला, मंदारला, त्यांनी विचारलं, "चहा घेणार?" मी म्हणाले, "नको त्याला, औषधं चालू आहेत." बाई ताडकन म्हणाल्या, "मी तुला विचारलं का?" असा संताप आला मला! मंदारला घेऊन तडक घरी जावं असं वाटलं. तेवढ्यात तोच म्हणाला, "घेईन. साखर कमी."

मंदारला कुणी नसतानाही आवाज ऐकू यायचे. त्यापायी पीएचडी सुटली होती. मावशी मानसशास्त्रज्ञ, मनावरच्या जुन्या आघातांच्या उपचारांवर संशोधन करायच्या. असे उपचार होते, पण आवाज ऐकणाऱ्यांना त्यात घेतच नसत. का, तर म्हणे ही माणसं बोलताना कोसळतील. "अगं, कोसळलेलीच आहेत ती! काय झालं म्हणून कुणी विचारलंय? नुसता डोस वाढवतात!" मावशी टेबलावर हात आपटायच्या, चमचे उडायचे.

त्यांनी विचारलं. इंजिनिअरिंगच्या होस्टेलमध्ये सिनियर मुलांनी मंदारचे काय हाल केले होते, ते इतक्या वर्षांनी मला कळलं. तो रडला. मग दोन वेळा आमटीभात मागून घेऊन जेवला.

अशा पेशंट्सवर हे उपचार करून बघायची परवानगी मावशींनी मागितली. युनिव्हर्सिटीच्या कमिटीने नाकारली. पुन्हा मागितली, पुन्हा नाकारली. कमिटीत आमच्याच महाराष्ट्र मंडळातले एक डॉक्टरकाका होते. "इमोशनल होऊ नकोस वसुधा, रिस्क आहे," म्हणे. मावशी कडाडल्या, "कुणाला रिस्क? पेशंटला विचारलंत?" तोवर मंदार परत हॉस्पिटलमध्ये भरती झाला होता. डोंबलाची यांची रिस्क!

शेवटी परवानगी मिळाली, मंदारवरही उपचार झाले. मंदारचे आवाज पूर्ण गेले नाहीत, पण तो रात्री झोपायला लागला, लायब्ररीत नोकरी करायला लागला. मावशी मात्र काम अर्धवट टाकून कॅन्सरने गेल्या. याचाही मला अजून रागच येतो.

शोकसभेत डॉक्टरकाका घसा खाकरून बोलले, "वसुधाला आमचा कायम सपोर्ट होता." मी दातओठ खात बसले. नंतर काका कॉफीचा कप घेऊन आमच्याकडे आले आणि मला म्हणाले, "ह्याला कॉफी चालते ना गं?"

मी मंदारकडे बघितलं.

"काका, मला विचारा," मंदार म्हणाला.

काका गडबडले. "बरं, घेणार का कॉफी?"

"घेईन," मंदार उठत म्हणाला, "पण तुमच्या हातची नको."