कश्यप गोत्राचा गिटारवादक

मरणापुढे सगळे सारखे असतात. शनिवार पेठेतल्या घाटावर तेवढं गोत्र आधी विचारतात.

“गोत्र?” गुरुजींनी माझ्या मित्राला विचारलं.

ज्याच्या दहाव्यासाठी आम्ही आलो होतो तो एक म्हातारा रॉक गिटारवादक होता, सातासमुद्रापार आपल्या बंगल्यात वारलेला. त्याचं गोत्र त्याच्या बँडलाही ठाऊक नसावं.

“माहीत नाही,” मित्र म्हणाला.

“मग कश्यप.” माहीत नसलेल्या सगळ्यांचं तेच असतं. गुरुजींनी ते इंग्रजी नाव दोनदा विचारून घेतलं आणि जराही न अडखळता मंत्रात बसवलं.

मित्र हिंजवडीत सॉफ्टवेअर लिहायचा. देवधर्म मानत नसे. मानायचा तो फक्त हा गिटारवादक आणि झॉम्बींच्या गोष्टी. कर्वेनगरातल्या त्याच्या खोलीवर आम्ही दर शनिवारी भाड्याच्या सीडी आणून प्रेतं चालताना बघायचो. त्याचं म्हणणं असं, की तिकडे मेलेल्यांना कोणी नीट पोहोचवत नाही, म्हणून ते उठून फिरतात.

“आपल्याकडे एक तरी झॉम्बी झालाय का?” तो विचारायचा.

“आपल्याकडे त्यांना संस्थेचं अध्यक्ष करतात,” मी म्हणायचो.

गिटारवादक गेल्याची बातमी आली आणि हा सिद्धांत त्याच्यावरच उलटला. तो जेवेना. मग एकदा म्हणाला, “तिकडे त्याच्यासाठी कोणी काही करणार नाही रे. तसाच फिरत राहील.” मी हसलो. तो हसला नाही, म्हणून मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

पिंड ठेवला. कावळे समोरच्या भिंतीवर बसले होते, आमच्याकडे पाठ करून.

“काही इच्छा राहिली असेल,” गुरुजी म्हणाले. “आपण शब्द द्या.”

मित्राने हात जोडले. “तुझ्या जागी दुसऱ्याला घेऊन बँड दौरा काढणार नाही.”

“ते तुझ्या हातात आहे का?” मी विचारलं.

कावळ्यांनाही तीच शंका असावी.

“तुझ्या कॅसेट कुणाला देणार नाही.” काही नाही. “तुझं पोस्टर लग्नानंतरही काढणार नाही.” एक कावळा उडाला, तो नदीकडे. ऊन चढलं. मित्र कावळ्यांवरून नजर काढेना. हात तसेच जोडलेले.

तेव्हा मी हळूच म्हणालो, “त्याचा शेवटचा अल्बम.”

त्या अल्बमात गिटारवादकाने गिटार बाजूला ठेवून कीबोर्ड घेतला होता आणि मागे लहान मुलांचा कोरस. मित्राने पहिलंच गाणं अर्ध्यात तोडून तो माळ्यावर टाकला होता. घरात त्याचा उल्लेखही होत नसे.

“तो नाही हं. बाकी काहीही.”

“त्याची शेवटची मेहनत आहे ती.”

“अरे, हंबरतो तो त्यात!”

“अहो, ऐकून टाका,” गुरुजी म्हणाले. “मागे अजून दोन दहावे खोळंबलेत.”

मित्राने डोळे मिटले. “ऐकेन,” तो पिंडाला म्हणाला. “पहिल्यापासून शेवटपर्यंत. टेप पुढे पळवणार नाही.”

कावळा आला. पानाभोवती एक फेरी मारली आणि शिवला. त्याच्या चोचीला बेसनाचा पिवळा कण होता. घाटाच्या तोंडाशी वड्याची गाडी लागते. मित्र मात्र ढसाढसा रडत होता आणि खरोखर सुटल्यासारखा दिसत होता, म्हणून बेसनाचं मी बोललो नाही.

त्या शनिवारी झॉम्बी लागले नाहीत. मित्राने माळ्यावरून अल्बम काढला, धूळ पुसली, मांडी घालून टेपरेकॉर्डरसमोर बसला. मी सोबत म्हणून थांबलो.

अल्बम दोन कॅसेटींचा आहे.